जुन्या एसयूव्हीचं ब्रेक पेडल खाली बसतंय: बूस्टर बदलण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरमधली पंधरा वर्षं जुनी डिझेल एसयूव्ही, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. पुढचे पॅड नवे टाकले, त्याच वेळी ब्रेक ऑइल बदललं, ब्रेकच्या लाइनमधली हवा दोनदा काढून झाली. तरी पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, दोन पंप मारले की वर येतं आणि सिग्नलला पाय दाबून उभं राहिलं की हळूहळू खाली सरकतं. मिस्त्री म्हणतात बूस्टर गेला, म्हणजे व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा डबा. आणि पुढच्या आठवड्यात घरची सात माणसं घेऊन ओंकारेश्वरला जायचं आहे.

आधी ओंकारेश्वरबद्दल. या अवस्थेत गाडी चालवून कुठेच नेऊ नका. पाय दाबून धरला असताना पेडल खाली सरकणं म्हणजे दाब कुठूनतरी निसटतोय. ओंकारेश्वरच्या वाटेवरच्या भेरूघाटाच्या उतारावर सात माणसांचं वजन घेऊन तो किती निसटेल याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. गॅरेजपर्यंत न्यायची असली तरी टो करून न्या. जायची तारीख पुढे ढकलता येते.

आता बूस्टर. बूस्टर बिघडला, त्याचा व्हॅक्यूमचा पाइप फाटला किंवा अल्टरनेटरच्या मागे बसवलेला व्हॅक्यूम पंप कमजोर झाला, तर पेडल कडक होतं, मऊ होत नाही. मदत बंद पडल्यामुळे सगळा जोर तुमच्या पायाला लावावा लागतो. खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. मग पाय दाबून ठेवूनच स्टार्टर मारा. इंजिन चालू होताच पेडल एखादा सेंटिमीटर खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. पुष्कळ जण हे एवढंसं खाली जाणं पाहूनच घाबरतात, पण ते निरोगी गाडीचं लक्षण आहे. म्हणून पेडलचा अंदाज घेताना पहिली तपासणी नेहमी इंजिन बंद ठेवून, व्हॅक्यूम संपवून करायची. बूस्टरच्या मदतीने लहान दोष मोठा वाटतो आणि मोठा दोष कधीकधी झाकला जातो.

मऊ पेडल हा एक आजार नाही, तीन-चार वेगवेगळ्या आजारांना आपण एकच नाव देतो. पेडल खोल जातं पण दुसऱ्या दाबाला वर येऊन दगडासारखं थांबतं, तेव्हा कुठेतरी फट वाढलेली असते: शू (ड्रमला आतून घासणारे मागचे ब्रेक) ड्रमपासून लांब गेलेले असतात किंवा पॅड डिस्कपासून. पंप मारून वर येतं पण तळाशी स्पंज दाबल्यासारखं लागतं, तेव्हा लाइनमध्ये हवा असते किंवा होज, म्हणजे ब्रेकच्या रबरी नळ्या, फुगत असतात. पाय स्थिर ठेवूनही पेडल सरकत जातं, तेव्हा मास्टर सिलिंडरचं (पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलिंडर) आतलं रबर दाब धरत नसतं किंवा बाहेर कुठेतरी गळती असते. आणि एरवी ठीक असलेलं पेडल लांब उतारानंतर एकदम तळाला जातं, तेव्हा ऑइल उकळलेलं असतं. तुमच्या वर्णनात पहिलं आणि तिसरं अशी दोन लक्षणं एकत्र आहेत. म्हणून नुसती हवा काढून फरक पडला नाही. माझा अंदाज असा की मागच्या ड्रमला कोणी हात लावलेला नाही, आणि ऑइल बदलताना मास्टर सिलिंडरचं रबर फाटलं आहे.

मागच्या ड्रमपासून सुरुवात करा. बोलेरो, स्कॉर्पिओ, क्वालिस या धाटणीच्या गाड्यांमध्ये पेडल खोल जाण्याचं सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण तिथेच असतं. परीक्षा सोपी आहे, पाना लागत नाही. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना उटी लावलेली. पेडल एकदा दाबा आणि किती खोल गेलं ते बघा. पाय काढा, हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पुन्हा एकदा दाबा. आता पेडल ठळकपणे वर थांबलं, तर मागचे शू ड्रमपासून लांब आहेत, कारण हँडब्रेकने ते आधीच ड्रमजवळ नेऊन ठेवले. (फार जुन्या जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या वेगळ्या ड्रमवर असतो, तिथे ही परीक्षा लागू नाही.)

फट थोडीशीच असली तरी पेडलवर एवढा परिणाम का होतो, ते आकड्यांत बघा. समजा मागच्या व्हील सिलिंडरचा (चाकातला, शू ड्रमवर ढकलणारा छोटा सिलिंडर) व्यास २२.२ मिलिमीटर आहे. पिस्टनचं क्षेत्रफळ झालं साधारण ३८७ चौरस मिलिमीटर. दोन चाकांत मिळून चार पिस्टन. प्रत्येकाला फक्त १ मिलिमीटर जास्त सरकायचं असेल तर सुमारे १५५० घन मिलिमीटर, म्हणजे दीड मिलिलिटर जास्तीचं ऑइल लागेल. मास्टर सिलिंडरचा व्यास २५.४ मिलिमीटर असेल तर तेवढं ऑइल ढकलायला त्याचा पिस्टन ३ मिलिमीटर पुढे जावा लागतो. पेडलचं प्रमाण चारास एक धरलं तर पायाखाली ते १२ मिलिमीटर होतात. एक मिलिमीटरची ढिलाई पायाला सव्वा सेंटिमीटर जाणवते ती अशी. हाच हिशोब हवेला लावा: लाइनमध्ये १ मिलिलिटर हवा राहिली तर दाबाखाली ती जवळपास नाहीशी होते आणि पेडल सुमारे ८ मिलिमीटर खाली जातं.

मागची चाकं काढण्यापूर्वी पुढच्या चाकांना उटी, मागे जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर काम नको. ड्रम अडकला असेल तर बहुतेक ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट, बऱ्याचदा एम ८ चे, आलटून-पालटून पिळले की ड्रम सरळ बाहेर येतो, हातोडी मारून कड फोडायची गरज पडत नाही. आतली भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसा, तोंडावर मास्क ठेवा.

पहिली नजर व्हील सिलिंडरवर. धुळीच्या रबरी टोपीची कड नखाने किंचित उचला. आत नुसता दमटपणा चालेल, थेंब नको. थेंब दिसला तर दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकदमच बदला. मग अॅडजस्टर, म्हणजे शू आणि ड्रममधली फट जुळवणारा स्क्रू. त्याच्या आट्यांत गंज आणि भुकटी बसून तो जाम होतो, शू झिजत जातात आणि फट वाढत जाते. आटे ताराच्या ब्रशने साफ करा, ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावा, दातांचं चाक बोटाने फिरलं पाहिजे. डावा-उजवा अॅडजस्टर अदलाबदल होऊ देऊ नका: अनेक गाड्यांत दोघांचे आटे उलट असतात. चुकीच्या बाजूला बसला की तो आपोआप आवळण्याऐवजी सैल होत जातो, आणि दर महिन्याला पेडल खाली का जातंय ते कोणालाच कळत नाही. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे जोडणी कशी होती ते बघायला दुसरी बाजू जशीच्या तशी राहते.

ड्रमच्या आतल्या कडेला कंगोरा उठला असेल तर लेथवर घ्या, पण ड्रमवर ओतलेल्या कमाल व्यासाच्या आत राहूनच. लायनर रिव्हेटचा असेल तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजण्याची वाट बघू नका. शू आणि ड्रम बसवल्यावर हँडब्रेकची केबल सैल सोडा, अॅडजस्टर ड्रम जेमतेम अडेपर्यंत आवळा, मग काही दात परत सोडा. चाक हाताने फिरवलं की कागद घासल्यासारखा बारीक आवाज यावा, अडखळू नये. पेडल चार-पाच वेळा दाबून शू मधोमध बसवा, पुन्हा तपासा. केबल सगळ्यात शेवटी आवळायची. हा क्रम उलटा करण्याची चूक सर्रास होते: हँडब्रेक वर येतो म्हणून नुसती केबल ताणतात. हँडब्रेक छान लागतो आणि पेडल होतं तिथेच राहतं. वर ताणलेल्या केबलमुळे पुष्कळ गाड्यांत आपोआप आवळणारी यंत्रणाही चालेनाशी होते.

आता पेडल सरकण्याचा भाग, म्हणजे मास्टर सिलिंडर. आधी बाहेरची गळती नाही याची खात्री करा. रिझर्व्हॉयरवर (ब्रेक ऑइलच्या डबीवर) मार्करने खूण करा आणि दोन दिवस बघा. पातळी उतरत असेल तर चारही चाकांच्या आतल्या बाजू, होजचे सांधे, चेसिसच्या क्लिपखाली गंजलेल्या नळ्या आणि मागच्या अॅक्सलवरचा पाइप नीट बघा. क्लिपखाली चिखल धरून राहतो, पावसाळ्यानंतर नळी नेमकी तिथेच कुजते. बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी पातळी उतरतेय, तर मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट सैल करून तो थोडा पुढे ओढा. त्याच्या मागच्या तोंडाशी ओल असेल तर ऑइल बूस्टरच्या पोटात जमा होतंय.

पातळी तशीच आहे आणि पेडल सरकतंय, तर दोष आतल्या रबराचा. रिझर्व्हॉयरचं झाकण उघडा, दुसऱ्याला पेडल दाबून धरायला सांगा. दाब सुरू होताच आत एक लहानशी उसळी येते, ती नैसर्गिक. पण पाय स्थिर असतानाही ऑइलमध्ये सतत हालचाल दिसली, तर रबर ओलांडून ऑइल परत येतंय. हालचाल दिसली नाही म्हणून मात्र सिलिंडरला निर्दोष समजू नका. दोन सर्किटांच्या मधलं रबर गेलं असेल तर ऑइल एकातून दुसऱ्यात जातं, रिझर्व्हॉयरमध्ये काही दिसत नाही. पक्का निकाल हवा असेल तर मास्टर सिलिंडरच्या तोंडाच्या नळ्या काढून तिथे योग्य आट्यांचे प्लग बसवा (बहुतेक ठिकाणी एम १० × १ असतात, पण मोजून घ्या), प्लगपाशीच हवा काढा आणि पेडल दाबा. पेडल दगडासारखं वर थांबलं तर सिलिंडर ठीक, दोष पुढे कुठेतरी. तरीही सरकलं तर सिलिंडर बदला, आणखी पुरावा शोधू नका.

ऑइल बदलल्यावरच हे का झालं? रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन सिलिंडरच्या आतल्या नळीच्या (बोअरच्या) पहिल्या भागातच मागे-पुढे होतो. तो भाग गुळगुळीत राहतो. त्यापुढचा भाग वर्षानुवर्षं वापरलाच जात नाही, तिथे ऑइलमधल्या पाण्याने गंजाचे खड्डे पडतात, गाळ बसतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की रबराची पातळ ओठासारखी कड त्या खडबडीत भागावरून घासत जाते आणि फाटते. म्हणजे हवा काढणं बरोबर, दाबण्याची पद्धत चुकीची. जुन्या गाडीत हवा काढताना पेडलच्या खाली, जमिनीवर तीन-चार सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा. पेडल त्याच्यापुढे जाणार नाही आणि रबर वाचेल. हा ठोकळा ज्या गॅरेजमध्ये दिसेल तिथे गाडी निःशंक द्या.

किट, म्हणजे नुसत्या रबरांचा संच, टाकायची की आख्खा सिलिंडर? पंधरा वर्षांच्या सिलिंडरला किट टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नळीत नख अडकेल असा एकही खड्डा असेल तर नवं रबर काही महिन्यांत पुन्हा फाटतं, आणि ब्रेकच्या बाबतीत तोच प्रयोग दोनदा करायचा नसतो. इंदूरच्या छोटी ग्वालटोलीत पार्ट घ्यायला जाताना जुना सिलिंडर सोबत न्या. व्यास, नळ्यांच्या आट्यांचं माप आणि बूस्टरची ढकलणारी दांडी (पुशरॉड) बसणाऱ्या खळग्याची खोली, तिन्ही जुळली पाहिजेत. व्यास चुकून मोठा आला तर पेडल कमी खोल जाईल, पण ब्रेक लागायला जोर जास्त लागेल. पेडल वर आल्याचा आनंद होतो आणि घाटात गाडी थांबत नाही.

नवा सिलिंडर कोरडाच गाडीवर चढवू नका. व्हाइसमध्ये त्याचं फ्लँज धरा, नळी दाबू नका. रिझर्व्हॉयर भरा, दोन्ही तोंडांतून प्लॅस्टिकच्या नळ्या परत रिझर्व्हॉयरमध्ये ऑइलच्या पातळीखाली सोडा. बोथट दांड्याने पिस्टन सावकाश आत ढकला, सावकाश सोडा. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत वीस-पंचवीस वेळा करावं लागतं. इथली पाच मिनिटं चुकवली तर पुढे गाडीखाली दोन तास जातात. सिलिंडर चढवताना बूस्टरच्या पुशरॉडची लांबीही बघा. पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात अगदी बारीक फट लागते, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या घरातली. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा. फट जास्त असेल तर पेडल विनाकारण खोल राहतं. फट नसेलच तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परतायची वाट बंद राहते, आणि दहा किलोमीटरवर ब्रेक आपोआप धरून चाकं तापतात.

आता हवा काढणं. ऑइल डॉट ३ की डॉट ४ ते रिझर्व्हॉयरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ चा किमान उत्कलनांक कोरडा असताना २०५ अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. दोन्ही ग्लायकॉलचेच, त्यामुळे डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं आणि घाटाच्या वाटेवर ते बरंही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. सीलबंद बाटली घ्या, एक लिटर पुरेल. उघडून महिनाभर ठेवलेली उरलेली बाटली वापरू नका, ती हवेतलं पाणी पिऊन बसलेली असते. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसत बसू नका.

मागची हवा निघत नाही अशी तक्रार असते, तिचं कारण पुष्कळदा गाडी उचलण्यात असतं. या गाड्यांत मागच्या अॅक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी अॅक्सलला जोडलेली. गाडी चेसिसला धरून उचलली की अॅक्सल खाली लोंबतो. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचा दाब कमी करतो आणि मागच्या, हवा काढायच्या निपलमधून ऑइल रडतखडत येतं. म्हणून मागची हवा काढताना जॅक स्टँड अॅक्सलखाली ठेवा किंवा गाडी चाकांवरच उभी ठेवून खालून काम करा. व्हॉल्व्हला स्वतःचा निपल असेल तर तोही सोडायला विसरू नका. सस्पेन्शनची नवी पट्टी टाकून मागून गाडी उंच केली असेल तर या दांडीची जुळणीही बिघडलेली असते.

उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो, त्यामुळे क्रम लांबून जवळ: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाका, रिंग पानाच वापरा, चपट्या पान्याने कोपरे गोल होतात. नळ्यांच्या नटांना फ्लेअर नट पाना. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. एक जण पेडल सावकाश ठोकळ्यापर्यंत दाबून धरतो आणि "धरलं" म्हणतो. दुसरा निपल अर्धा फेरा सोडतो, ऑइल थांबायच्या आत बंद करतो आणि "सोड" म्हणतो. निपल उघडा असताना पाय सुटला तर हवा परत आत. भराभर पंप मारू नका, मोठा बुडबुडा फुटून त्याचा फेस होतो आणि तो निघता निघत नाही. फेस झालाच तर अर्धा तास थांबा. रिझर्व्हॉयर कधीही अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. बुडबुडे थांबल्यावरही स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत चालू ठेवा. निपल हातभर लांब पान्याने आवळू नका, ७ ते १० न्यूटन-मीटर पुरे, त्यापुढे तो तुटतो.

पुढच्या पॅडचं काम नुकतंच झालंय म्हणून एक गोष्ट आजच खाली वाकून बघा: कॅलिपरवरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) निपल वरच्या बाजूला आहे की खालच्या? डावा कॅलिपर उजवीकडे बसला तर निपल खाली जातो आणि वर साठलेली हवा कितीही बाटल्या ओतल्या तरी निघत नाही. ही चूक हुशार माणसाकडूनही होते. त्याच वेळी कॅलिपरच्या सरकपिना बोटाने हलतात का बघा. जाम पिनेमुळे कॅलिपर तिरका दबतो, पॅड एका कडेने झिजतो आणि पेडलला स्प्रिंगसारखा झोल येतो. पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच, चेसिसचं ग्रीस नाही.

पंधरा वर्षांचे मूळ होज असतील तर तपासत बसण्यापेक्षा तिन्ही बदलून टाका, पुढचे दोन आणि मागचा एक. बाहेरून धडधाकट दिसणारा होज दाबाखाली फुगतो: एकाने पेडल जोरात दाबावं, दुसऱ्याने होज मुठीत धरावा, फुगणं हाताला कळतं. होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या (बँजो बोल्ट) दोन्ही तांब्याच्या वॉशर नव्या. लोखंडी नळी कुजली असेल तर पूर्ण नळी बदला, ब्रेझिंगचं ठिगळ नको, साधी तांब्याची नळीही नको.

रबराच्या बाबतीत एक सवय मोडायलाच हवी. सिलिंडरचे भाग डिझेल किंवा पेट्रोलने धुवायचे, ही. ब्रेकचं रबर खनिज तेलाने फुगतं. धुवायचं ते ताज्या ब्रेक ऑइलने किंवा ब्रेक क्लीनरने. रिझर्व्हॉयरच्या झाकणाखालचा रबरी पडदा काढून बघा: तो फुगून, सैल होऊन पुन्हा खाचेत बसत नसेल तर कोणीतरी कधीतरी स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं तेल आत ओतलं आहे. तसं असेल तर एक सिलिंडर बदलून भागणार नाही. लाइन धुऊन सगळी रबरं बदलावी लागतील: मास्टर, कॅलिपर, व्हील सिलिंडर, होज. खर्च मोठा आहे, पण त्याला पर्याय नाही.

सगळं करूनही खराब रस्त्यानंतर किंवा वळणानंतर फक्त पहिला दाब खोल जात असेल तर पुढच्या चाकांचे बेअरिंग बघा. चाक वर उचलून वरच्या आणि खालच्या टोकाला धरून हलवा. खटखट झाली तर हब डुलतोय आणि डिस्क पॅडना मागे ढकलतेय. बेअरिंग आवळलं की पेडल जागेवर येतं.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून, जोरात पाय दाबून पूर्ण एक मिनिट धरा. पेडल तसूभरही सरकता कामा नये. मग मोकळ्या जागेत आधी २० च्या वेगाने, नंतर ४० च्या वेगाने ब्रेक मारून बघा, गाडी एका बाजूला ओढते का ते पाहा. नव्या पॅड-शूंसाठी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने दहा-बारा वेळा वेग उतरवा, दोन ब्रेकांच्या मध्ये अर्धा-एक किलोमीटर गाडी थंड होऊ द्या. परत आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या: एकच चाक इतरांपेक्षा फार तापलं असेल तर ते धरतंय. रात्री प्रत्येक चाकाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि सकाळी डाग बघा.

हे सगळं कसोटीला उतरलं आणि दोन-तीन दिवस गावात फिरूनही पेडल जागेवर राहिलं, की मग ओंकारेश्वर. भेरूघाट उतरताना ज्या गिअरने तो घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल तर नाहीच. ब्रेक सतत घासत ठेवू नका, वेग वाढला की ठाम दाबून उतरवा आणि सोडा. उतारावर पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही असं झालं तर लायनर तापलेत. पेडलच तळाला गेलं तर ऑइल उकळलंय. ऑइल उकळलं असेल तर भराभर पंप मारून मिळेल तेवढा दाब घ्या, गिअर खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा-थोडा ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन थांबवा. थंड झाल्यावर पेडल परत येईल, पण तेवढ्यावर समाधान मानून पुढे जाऊ नका: उकळलेलं ऑइल बदलल्याशिवाय पुढचा उतार उतरायचा नाही.